'फॉर दिसलं की हॅव लावा' म्हणणाऱ्यांनो, आता क्लायंटला तोंडही तुम्हीच द्या

डोकं फिरलंय नुसतं. इंग्रजीचा हा तक्ता-छाप नियम ज्यांनी आमच्या पोरांच्या डोक्यात भरला, त्यांनी एकदा नवी मुंबईत महाप्याला येऊन आमच्यासोबत नाइट शिफ्ट काढावी.

टीममधल्या नव्या पोराने लंडनच्या क्लायंटला मेल टाकला : 'द सर्व्हर हॅज बीन डाउन फॉर टू आवर्स.' सर्व्हर तोवर केव्हाच उठला होता. पोराला म्हणायचं होतं, दोन तास बंद होता, आता चालू आहे. समोरच्याने वाचलं, दोन तासांपासून बंद आहे आणि अजून बंदच आहे. झालं! धडाधड फोन, कॉलवर साहेबांची जत्रा, चालू सर्व्हर पुन्हा पुन्हा तपासायचा उद्योग. तिथे 'वॉज डाउन' असतं तर मेल वाचून माणूस झोपायला गेला असता.

पोराला विचारलं, बाबा रे, हे 'हॅज बीन' कुठून काढलंस? तर म्हणतो, "दादा, वाक्यात फॉर आहे ना!"

आता याला काय बोलणार? त्याला शिकवलंयच तसं. सिन्स, फॉर, जस्ट, ऑलरेडी, येट पाठ करा, यातला एखादा दिसला की हॅव ठोका, मार्क घ्या, पुढे चला. अर्थबिर्थ गेला खड्ड्यात. मग 'आय लिव्हड इन डोंबिवली फॉर टेन इयर्स' या वाक्याचं काय करायचं? यात फॉर आहे की! पण माणूस डोंबिवली सोडून ऐरोलीला राहायला आला असेल, तर हेच बरोबर. 'हॅव लिव्हड' म्हटलं की तो अजून डोंबिवलीतच, रोज सकाळी लोकलच्या दाराला लटकतोय.

आणि मराठी माणसाला हा फरक कळत नाही, हे तर मला सांगूच नका. 'बंद होता' आणि 'दोन तासांपासून बंद आहे' यांत आपल्याकडे शाळकरी पोरगंही गोंधळत नाही. आपली गोची होते ती दुसरीकडे. 'फाइल कालच पाठवली आहे' हे आपण दिवसभर बोलतो, त्यात 'काल' आणि 'आहे' सुखाने नांदतात. इंग्रजीत 'यस्टरडे' म्हटलं की 'हॅव' हद्दपार. ठाण्यापासून बेलापूरपर्यंत किती ऑफिसांतून रोज 'आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे' जात असेल, देव जाणे. नेमकी हीच गोष्ट कुणी धड समजावून सांगत नाही.

ठाण्यात राहून उदाहरणं शोधायला जावं लागतं का हो? 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. तारीख सांगितली, तो दिवस संपला, म्हणून 'केम'. 1853 पासून गाड्या येतायत, अजून येतायत, म्हणून 'हॅव बीन कमिंग'. संपला विषय! पण नाही. पुस्तकात आपले जॉन आणि मेरी, आणि खाली गाळलेल्या जागा.

बगचंही, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीचंही, तेच. 'आय हॅव फिक्स्ड द बग' म्हणजे केलेलं काम आत्ताही टिकून आहे, बग गेलेला आहे. 'आय फिक्स्ड इट ऑन मंडे' म्हणजे सोमवारचं सोमवारी, आज परत उपटला असेल तर मला विचारू नका.

आता आमच्या साहेबांचं ऐका. अमेरिकेला जाणाऱ्या मेलमध्ये मी लिहिलं, 'आय ऑलरेडी सेंट इट.' साहेबांनी लाल करून 'हॅव' घुसडलं, वर चारचौघांत व्याकरणाचं प्रवचन. दुसऱ्या दिवशी तिकडून दुसऱ्या एका फाइलबद्दल विचारणा आली : 'डिड यू सेंड इट येट?' येट आहे, हॅव नाही! अहो, अमेरिकन माणूस जस्ट, ऑलरेडी, येटबरोबर सर्रास साधा भूतकाळ वापरतो. तिथे हॅवचा आग्रह धरतात ते ब्रिटिश. हॅव लिहिलं तर अमेरिकेतही चालतं, मान्य, पण मग माझं काय चुकलं होतं? मेल दाखवला तर साहेब म्हणाले, "त्यांची भाषा आहे, त्यांना चालतं."

वा! त्यांना चालतं आणि आमच्या पोराच्या अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन'समोर लाल शेरा. तो शेरा मी वाचला. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं पहिलंच वाक्य आहे : 'ही हॅज जॉइन्ड अस लास्ट जून.'