सगळं बदल, पण काही बदलू नकोस

मी आयटी कंपनीत आहे, पण तिथे मी लोकांचे पगार काढते. पीएफ, टीडीएस, फॉर्म १६, काहीही विचारा, झोपेतून उठून सांगेन. नातेवाईकांना मात्र हा फरक मान्य नाही. त्यांच्या लेखी आयटी कंपनीच्या गेटातून जो आत गेला त्याला प्रिंटर चालू करता आलाच पाहिजे, मग तो तिथे चहा का देत असेना.

तर डोंबिवलीचे आमचे नाना. म्हणजे माझे काका. बँकेतून रिटायर झालेले आणि सोसायटीचे सेक्रेटरी, हे पद दुसरं कोणी घेतच नाही म्हणून आता तहहयात. त्यांच्याकडे २०१२ साली घेतलेला लॅपटॉप आहे, त्यावर विंडोज ७, ज्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद झाला. ही बातमी मी त्यांना तेव्हाच सांगितली होती, तर म्हणाले, "सपोर्ट त्यांनी काढला, मी कुठे काढलाय?"

आणि खरंच काढला नव्हता हो. त्या लॅपटॉपची सेवा बघण्यासारखी होती. सकाळी बटण दाबायचं आणि आंघोळीला जायचं, आंघोळ, पूजा आटपून येईपर्यंत डेस्कटॉप आलेला असायचा, पण हात लावायचा नाही, कारण हार्ड डिस्कचा दिवा अजून लुकलुकतोय. तो विझला की मग चष्मा कपाळावर सरकवून नाना भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जायचे, तारीख, वार आणि (का ते देव जाणे) तिथीसकट बघायचे, आणि परत येऊन लॅपटॉपमधली तारीख बदलायचे. रोज. कारण लॅपटॉपच्या मते रोज १ जानेवारी २०१२ असायची. तारीख न बदलता बँकेची साइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून लाल बोंब, कारण साइटचं सर्टिफिकेट २०२५ चं, आणि २०१२ मध्ये बसलेल्या यंत्राला ते अजून जन्मालाच आलेलं नाही. आत मदरबोर्डवर एक बटणासारखा सेल असतो, सीआर २०३२, म्हणजे २० मिलीमीटर व्यास, ३.२ मिलीमीटर जाडी, तो मेला की घड्याळ मेलं. एवढ्याशा सेलसाठी नाना कित्येक वर्षं काळाला हाताने पुढे ढकलत होते आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट म्हणायचे, "त्या निमित्ताने तिथी कळते."

मुलगा न्यू जर्सीला. तो दर रविवारी व्हिडिओ कॉलवर, बाबा नवा घ्या ना, मी पैसे पाठवतो. नानांचं ठरलेलं उत्तर, "चालतोय तो टाकायचा?" ह्यावर तो गप्प आणि मग रात्री मला मेसेज, तू बघ ना जरा.

गेल्या वर्षी गणपती विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी नानांचा फोन. "अगं, एजीएमची नोटीस काढायचीय. ३० सप्टेंबरच्या आत सभा झाली पाहिजे आणि पूर्ण १४ दिवस आधी नोटीस लागते, आणि हा निळा पडलाय." निळा म्हणजे निळा स्क्रीन. गेले तर मशीन परत चालू झालं होतं, पण ब्राउझर क्रोम १०९, विंडोज ७ ला मिळालेला शेवटचा, वर कायमची एक पट्टी की आता अपडेट मिळणार नाहीत, आणि नानांना इतकी वर्षं वाटत होतं की ती पट्टी डिझाइनमध्येच आहे.

म्हटलं नाना, आता सगळं बदलू. तर खुर्चीत नीट बसून त्यांनी अट घातली, "सगळं बदल, पण काही बदलू नकोस."

हार्डवेअर सोपं गेलं हे आधीच सांगते. जुन्या लॅपटॉपचं एक कौतुक करायलाच हवं, ते माणसाने उघडावं म्हणून बनवलेले असायचे. पाठीमागची झाकणं काढली की रॅम इथे, हार्ड डिस्क तिथे, सगळं हाताशी. आताच्या चिकट पातळ लॅपटॉपांत बऱ्याचदा रॅम बोर्डालाच डकवलेली, वाढवायची सोयच नाही. फॅनपर्यंत आणि त्या सेलपर्यंत जायला मात्र कीबोर्डसकट सगळा पसारा काढावा लागला, आणि स्क्रू सगळे वेगवेगळ्या लांबीचे, चुकीच्या भोकात लांब स्क्रू पिळला तर थेट बोर्डाला भोक, म्हणून मी काकूकडे वेगवेगळे कप्पे असलेलं काहीतरी मागितलं. काकूने मिसळणाचा डबा दिला. घासून, पुसून. तरी मोहरीच्या वाटीत कीबोर्डचे, जिऱ्याच्या वाटीत तळाचे, आणि हळदीच्या वाटीतले ते बारीक हार्ड डिस्कचे स्क्रू बाहेर आले ते पिवळेच. फॅनमधून जी धूळ निघाली ती थराने निघाली, सलग, घडी घालता आली असती. काकू दारातून बघून म्हणाली, "मी रोज वरून पुसते गं."

सामान आणायला लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचाराल तर तिथल्या दुकानदारालाही आपलं दुकान सापडणार नाही. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, सगळीकडे मिळते, २.५ इंची साटावाली, जुन्या डिस्कच्या जागी अगदी तश्शी बसते. रॅम मात्र हवी होती जुन्या डीडीआर थ्री प्रकारची, ती मागितल्यावर दुकानदाराने आधी माझ्याकडे बघितलं. "डीडीआर थ्री? मॅडम, वो तो म्युझियम में मिलेगा." आणि मग काउंटरखालचा एक ड्रॉवर ओढला तर त्यात ही रास, कुठल्या कुठल्या मेलेल्या लॅपटॉपांमधून काढलेली. त्यात एल लिहिलेली निघाली, ती १.३५ व्होल्टवाली, पण १.५ वरही चालते, म्हणून घेतली. "टेस्टेड है," असं तो म्हणाला, कोणी टेस्ट केली ते नाही म्हणाला. आहे त्या २ जीबीत ही ४ घातली की ६. नानांचं विंडोज ३२ बिटचं होतं, त्याला चारच्या वरची रॅम दिसलीच नसती, पण तेही जाणारच होतं.

आता जाणार, पण येणार कोण? विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. नानांचा दुसऱ्या पिढीचा. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "आमच्या घराण्याचीसुद्धा पाचच पिढ्यांपर्यंत माहिती आहे, ह्यांना आठ कुठून देऊ?" नियम चुकवून टाकायच्या युक्त्या आहेत, पण मग पुढचा अपडेट कुठे अडेल ह्याची कायम धाकधूक, आणि ती धाकधूक शेवटी रात्री अकरा वाजता माझ्याच फोनवर येणार. विंडोज १० टाकावं तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणजे जेमतेम महिना उरलेला, वर फार तर वर्षभराची मुदतवाढ. रिडेव्हलपमेंटला गेलेल्या बिल्डिंगमध्ये नव्याने भाड्याने राहायला जायचं, तसलं काम. राहिलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी दुसरी सिस्टिम. त्यातल्या मिंट ह्या प्रकाराची २२ वी आवृत्ती घेतली, २०२९ पर्यंत अपडेट आहेत, फुकट आहे, आणि खाली डावीकडे बटण आहे जे दाबलं की मेनू येतो. नानांसाठी ह्यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची.

जुनी डिस्क मी पुसली नाही, काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये घातली आणि त्यातून कॉपी करत बसले. आतली फोल्डरं अशी: 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'नवीन', 'नवीन नवीन', 'नोटीस फायनल', 'नोटीस फायनल खरी', 'हे उघडू नये'. ते उघडलं. त्यात पार्किंगच्या भांडणाचे फोटो होते.

मिंट पटकन बसलं. पण वायफाय नाही. त्या वायफायच्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि उतरवून घ्यायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटसाठी वायफाय लागतं. नाना म्हणाले, हे आपल्या तहसील ऑफिससारखंच झालं. मी मोबाइल वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, म्हणजे मोबाइलचंच इंटरनेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजरने आपणहून शोधून टाकला. प्रिंटरची मला सगळ्यात जास्त भीती होती, त्याची ड्रायव्हरची सीडी २०१८ सालापासून हरवलेली, त्यावर दर दिवाळीला घरात वाद व्हायचा. केबल जोडली तर मिंटने न विचारता ओळखला. नानांना हे आवडलं नाही. "सीडीशिवाय कसा चालेल?" म्हणून त्यांनी तीनदा टेस्ट पेज काढलं.

आणि मग नोटीस उघडली.

नोटिशीत फक्त डॉलर, टक्के, कंस, उलटेसुलटे स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. नाना खुर्चीला टेकले. "गेली. वीस वर्षांची इतिवृत्तं गेली."

गेली नव्हती. नाना कृतीदेव ह्या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप करतात. तरुणपणी टाइपरायटरवर मराठीची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिलेले, बोटं त्या कळपाटीला बांधलेली, युनिकोड (मराठी टाइप करायची आताची, सगळीकडे चालणारी पद्धत) वगैरे त्यांच्या दृष्टीने पोरखेळ. कृतीदेवची गंमत अशी की कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजीच लिहितोय, फॉन्ट फक्त त्या अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवतो. छोटा एल म्हणजे स, मोठा एल म्हणजे अर्धा स्. फॉन्ट नसला की उघडं इंग्रजी. जुन्या डिस्कवरून फॉन्टची फाइल उचलून नव्यात टाकली आणि लिब्रे ऑफिस (मिंटमध्ये वर्डच्या जागी असतं ते) बंद करून उघडलं, तर सगळी इतिवृत्तं जागच्या जागी, गच्चीच्या गळतीसकट. नाना इतके खूश झाले की स्वतः कीबोर्डपाशी बसले आणि पहिलं वाक्य टाइप केलं, 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की'.

पहिला स अर्धाच आला.

परत केलं. परत अर्धा. नाना सावकाश, एकेक कळ मला दाखवून दाबत होते, स पूर्ण उमटायचा, ते स्पेस द्यायचे आणि डोळ्यांदेखत तो स पाय मोडून अर्धा व्हायचा. "बघ, बघ, स खातंय तुझं लिनक्स." पुढे आणखी वाईट, नोटिशीत 'विषय' हा शब्द ओळीओळीला, आणि प्रत्येक 'विषय'मधला ष जाऊन तिथे भलतंच चिन्ह. विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, आणि विषयातच ष नाही.

लिनक्स बिचारं काही खात नव्हतं, ऑटोकरेक्ट मदत करत होतं. परिच्छेदाचं पहिलं अक्षर त्याने आपणहून कॅपिटल केलं, की छोट्या एलचा मोठा एल, की स चा अर्धा स्. आणि कृतीदेवमध्ये ष बसलाय दुहेरी अवतरणचिन्हाच्या कळीवर, ते चिन्ह हा शहाणा वळणदार करून टाकायचा. नानांच्या जुन्या वर्डमध्ये हे सगळं कोणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेलं, कोणी ते कोणालाच आठवत नाही. टूल्समध्ये जाऊन ऑटोकरेक्टचे सगळे टिक काढले. स उभा राहिला, ष परत आला, आणि नोटीस मुदतीत बोर्डावर लागली.

ह्यानंतरच्या तक्रारी किरकोळ होत्या. चालू होताना विंडोजची ती धून वाजत नाही, म्हणजे चालू झालंय कशावरून? स्क्रीन दिसतोय की नाना. "स्क्रीन पूर्वीही दिसायचा, पण धून वाजेपर्यंत मी मानायचो नाही." त्या धूनच्या जागी साधारण तसलं काहीतरी वाजेल असं करून दिलं. काकूचं स्पायडर सॉलिटेअर मिंटमध्येही मिळतं, तेही टाकून दिलं, पण ह्यातल्या पत्त्यांच्या पाठी वेगळ्या आहेत म्हणून तिला हात लागत नाही असं तिचं म्हणणं. वॉलपेपर जुनाच, आयकॉन जुन्याच जागी, नानांनी पट्टीने मोजले नाहीत एवढंच. आता बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटात मशीन तयार असतं, त्याबद्दल मात्र घरात कोणी अवाक्षर काढलं नाही.

सभा २८ सप्टेंबरच्या रविवारी झाली. एसएसडी, रॅम, सेल आणि केसिंग मिळून तीन हजारांच्या आतलं बिल नानांनी, लॅपटॉपवर सोसायटीचीच कामं होतात ह्या तत्त्वाने, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' ह्यात घातलं. बी विंगच्या एका गृहस्थांनी विचारलं की तीन कोटेशन घेतली होती का. दुसरे म्हणाले, लिनक्स फुकट असतं असं मी वाचलंय, मग खर्च कसला? तिसऱ्या बाई म्हणाल्या, पण लॅपटॉप तर होता तसाच दिसतोय, बदललं काय? नाना एकदम ताठ झाले आणि अभिमानाने म्हणाले, "काहीच नाही!" आणि बिल तीन जणांच्या उपसमितीकडे गेलं.