दुकानाचं बारसं

कॅमेरा होता. दोन लेन्स होत्या. साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे डिपॉझिट भरून घेतलेला दहा बाय बाराचा गाळा होता. रिफ्लेक्टर धरायला बारावीच्या निकालाची वाट बघत बसलेला चुलतभाऊसुद्धा होता. नाव तेवढं नव्हतं.

गुमास्त्याचा, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा, फॉर्म भरायला बसलो तेव्हा हे लक्षात आलं. 2017 च्या कायद्यानं सगळं सोपं केलंय. मोजकीच माणसं कामाला असली की ऑनलाइन नुसती सूचना दिली तरी पुरतं. आमच्याकडे तर दीड माणूस. पण कसली सूचना देणार? ‘आस्थापनेचे नाव’ या रकान्यासमोर कर्सर लुकलुकत होता आणि मी त्याच्यासमोर.

ही बातमी घरात फुटली, ही माझी पहिली चूक. ताई फलटणहून तडक आली. “तुझं लग्न नाही, पोर नाही. हेच तुझं पहिलं लेकरू. म्हणजे आत्या मी. नाव मी ठेवणार, आणि बारशाच्या दिवशीच सांगणार.” तर्क बिनतोड होता. फक्त आपल्याकडे नाव ठेवायचा हक्क आत्याचा असला, तरी नावं ठेवायचा हक्क सगळ्यांचा असतो. तो सगळ्यांनी त्याच संध्याकाळपासून बजावायला घेतला.

अण्णा म्हणाले, “प्रकाश फोटो.” त्यांचं नाव प्रकाश. “मी म्हणतोय म्हणून नव्हे, फोटोला प्रकाश लागतोच.” आमच्याच रस्त्यावर एक प्रकाश फोटो आहे आणि बाजारात एक न्यू प्रकाश, हे सांगितल्यावर ते दुखावले. न्यूच्या पुढे काय लावतात, याचा विचार करत जेवले.

मी त्यांना कोडॅकची गोष्ट सांगितली. जॉर्ज ईस्टमननं 1888 मध्ये हे नाव चक्क मनानं बनवलं. त्याला ‘के’ हे अक्षर आवडायचं, एवढंच कारण. अर्थ काहीच नाही. अण्णा घास तसाच धरून बघत राहिले. “अर्थ नसलेलं नाव ठेवायचं असतं, तर तुझ्या वेळी आम्ही पंचांग कशाला उघडलं असतं?”

आईला ‘खंडोबा फोटो’ हवं होतं. पालचा खंडोबा आमचं कुलदैवत. देवाचं नाव दिलं की गिऱ्हाईक भंडारा उधळेल आणि तो लेन्समध्ये जाईल, अशी भीती मी घातली. शिवाय कॅमेऱ्याला कोण देवाचं नाव देतं, असंही म्हणून गेलो. इथे मी सपशेल तोंडावर आपटलो, कारण कॅनननं दिलं होतं. 1934 मध्ये त्यांनी पहिला नमुना कॅमेरा बनवला, त्याचं नाव क्वानॉन. करुणेची बौद्ध देवता, तिच्यावरून. हे चुलतभावानं मोबाइलवर शोधून मोठ्यानं वाचून दाखवलं. (त्याचा पगार मी अजून ठरवलेला नाही, हे तो विसरला असावा.) आई काही बोलली नाही. नुसती देवघराकडे बघून हसली.

मग मित्रांची पाळी. एकानं लायका कॅमेऱ्याचा फॉर्म्युला आणला. लाइट्झ कंपनीचा ‘लाय’, कॅमेऱ्याचा ‘का’, झालं नाव. “तुझं आडनाव माने. मा अधिक का.” माका. बोर्डावर कॅमेऱ्याऐवजी केसांच्या तेलाची बाटली काढावी लागली असती. समोरच्या काळ्यांनी स्टुडिओ काढला असता, तर त्यांचा ‘काका’ तरी झाला असता.

दुसरा मित्र वकील. तो म्हणाला, ट्रेडमार्क घे, वर्ग 41, एकट्या माणसाला ऑनलाइन साडेचार हजार. पण ‘सुंदर फोटो’, ‘सातारा फोटो’ असलं धंद्याचं नुसतं वर्णन करणारं नाव सहसा मिळत नाही. जितकं निरर्थक तितकं बरं. अण्णा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटताना जरा जास्तच आवाज केला.

पुण्याचे मामा आकडेशास्त्र बघतात. नावात एक जादा ‘ए’ घाल, म्हणाले. आता मराठी पाटीची सक्ती छोट्या दुकानांनाही आहे, आणि देवनागरीत जादा ‘ए’ घालायचा कुठे? माने स्टुडिओए?

माझा स्वतःचा जीव काव्यात अडकला होता. ‘स्मृतिगंध’ हे नाव मी तीन दिवस मनात जपलं. चौथ्या दिवशी वॉटरमार्क करून मावसबहिणीच्या लग्नाच्या फोटोवर टाकून बघितलं. अंतरपाट नुकताच दूर झालेला, दोघांच्या मुंडावळ्या वाऱ्यावर, अक्षता हवेत, आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘स्मृतिगंध’. चौकातला भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्सच. वर ‘शोकाकुल’ आणि मित्रमंडळाचं नाव तेवढं राहिलं होतं. तो फोटो मी पुसून टाकला, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

मग ‘क्षणचित्र’. हे मला अजूनही आवडतं. पण फ्लेक्सवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर चिकटवल्याबरोबर क्षच्या चिंधड्या झाल्या. पाय मोडलेला क एकीकडे, ष दुसरीकडे, आणि ‘चि’ची वेलांटी पुढच्या तच्या डोक्यावर जाऊन बसलेली. “दादा, जोडाक्षर नसलेलं काहीतरी ठेवा की,” तो म्हणाला. इन्स्टाग्रामवर वेगळाच ताप. फोनवर स्पेलिंग सांगताना गिऱ्हाइकानं विचारलं, “छान? छान फोटो ना?” म्हटलं, हो, छानच.

आजीला यातलं काही विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिनंच एक दिवस ट्रंकेतून तिच्या लग्नानंतरचा फोटो काढून दिला. करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यात कारंजं आणि राजहंस. पुढे खुर्चीत आजोबा, शेजारी उभी आजी. दोघंही जप्तीची नोटीस आल्यासारखे समोर बघताहेत. उलटून बघितलं तर जांभळा रबरी शिक्का. निगेटिव्ह नंबर स्पष्ट वाचता येत होता, सातारा वाचता येत होतं, आणि नावाच्या जागी नेमकी कसर लागलेली.

“काय नाव होतं गं त्याचं?”

“कुणाला ठाऊक. आम्ही ‘हलू नका’ म्हणायचो. काळ्या कापडात डोकं घालून तो तेवढंच बोलायचा. ‘हलू नका’कडं जाऊन आलो, असं म्हणायचे सगळे.”

उद्घाटनाचा दिवस आला तरी पाटी कोरीच होती. फ्लेक्सवाल्याला ॲडव्हान्स देऊन झाला होता आणि ताई ओठ मिटून होती. तिनं भाच्याचं जुनं दुपटं आणलं होतं. बाळ म्हणून कॅमेराच मागत होती, पण मला फोटो काढायचा होता, म्हणून 85 मिलिमीटरची लेन्स दिली. तिनं ती टोपण वर करून नीट गुंडाळली, टेबलावर निजवली आणि कानात नाव सांगायला वाकली. कान नेमका कुठला, यावर थोडा वाद झाला.

लाइटचा स्टँड सकाळीच मोडलेला. गाळ्यात उजेड जेमतेम, शटर एक अष्टमांश सेकंदावर, म्हणजे कुणी जरा हललं की फोटो पुसट. ताई ‘कुर्र’ म्हणाली मात्र, आई, काकू आणि समोरच्या काळेकाकूंनी तिच्या पाठीत रीतीप्रमाणे धपाटे घालायला सुरुवात केली. टेबल हललं, दुपटं सरकलं, लेन्स कडेला आली. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळ्या बायकांचं एकच पिठलं झालं.

“हलू नका!” मी ओरडलो.

सगळे जागच्या जागी थिजले. अण्णांचा पेढा तोंडाशी, काळेकाकूंचा हात हवेत, ताईचं तोंड अर्धवट उघडं. मी बटण दाबलं. मागे खुर्चीत आजी तेवढी पदर तोंडाला लावून गदागदा हसत होती, त्यामुळे फोटोत फक्त तीच हललेली आहे.

ताई सावकाश उठली, माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा दुपट्यावर वाकली. “ऐकलंस ना?” लेन्सला म्हणाली.

ती कुठलं नाव ठरवून आली होती, ते तिनं अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी फ्लेक्सवाल्याचा फोन आला.

“दादा, एकही अक्षर फुटलं नाही बघा. फक्त ‘लू’ दीर्घ ना?”