बुलसारा हे आडनाव नीट वाचा

तुमच्या लेखात ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या फ्रेडी मर्क्युरीला ‘इराणी वंशाचा आफ्रिकी गायक’ म्हटलंय. यात जन्मगाव, वंश आणि नागरिकत्व यांची सरमिसळ झाली आहे. जन्म पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा, ५ सप्टेंबर १९४६. पण घर गुजरातेतल्या पारशांचं. वडील झांझिबारला ब्रिटिशांच्या नोकरीत होते.

त्याचं मूळ आडनाव बुलसारा. ते आडनावच गाव सांगतं. बुलसार म्हणजे आजचं वलसाड. आपल्या नंदुरबारहून सुरत गाठली की पुढे मुंबईच्या वाटेवर लागतं ते. आपण गावाला ‘कर’ लावतो, पारशांत भरूचचा भरुचा, तसा बुलसारचा बुलसारा.

खरा घोळ पहिल्या नावात होतो. त्याचं नाव फर्रुख. हा फारसी शब्द, अर्थ भाग्यवान. मराठीत तो सर्रास ‘फारूख’ छापला जातो आणि वाचणारा त्याला अरबी ‘फारूक’ समजून धर्मच बदलून टाकतो. ‘फ्रेडी’ हे पाचगणीच्या शाळेत पडलेलं नाव.

‘इराणी’ही नको. मुंबईतले इराणी हॉटेलवाले एकोणिसाव्या शतकापासून आलेले. पारशी त्याच्या कितीतरी शतकं आधीचे आणि घरात गुजराती बोलणारे. शहादा-तळोद्याकडे गुजर घरांत गुजरी बोलतात, म्हणून त्यांना कुणी परप्रांतीय म्हणतं का भाऊ?

१९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलं. १९९१ मध्ये त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनीच केले. तेव्हा ‘झांझिबारमध्ये जन्मलेला, भारतीय पारशी घरातला ब्रिटिश गायक’ अशी दुरुस्ती कराच.