खुलासा : व्यायामाने हृदयाचे ठोके ‘संपत’ नाहीत

‘हृदयाचे ठोके मोजून मिळालेले असतात, धावाल तर लवकर संपतील’ असा मजकूर फिरतोय. ठोक्यांचा असा कोटा नसतो. पण घटकाभर मानला, तरी हिशेब उलटाच येतो.

व्यायाम न करणाऱ्याची विश्रांतीतली नाडी मिनिटाला 70 धरा. दिवसाचे ठोके 1,00,800. नियमित व्यायामाने ती 58 वर आली, तर 23 तासांचे 80,040 आणि तासभर धावण्याचे, 140 च्या गतीने, 8,400. एकूण 88,440. म्हणजे रोज 12 हजारांची बचतच!

कारण साधं आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो. पुढे महिनोन्‌महिने सराव टिकला की डावा कप्पा थोडा मोठा होतो. एका ठोक्याला 70 ऐवजी 85 मिली रक्त ढकललं जातं. विश्रांतीत लागणारं सुमारे 5 लिटर रक्त मग कमी ठोक्यांत भागतं.

नाडी सकाळी, अंथरुणातच, चहाआधी पूर्ण मिनिटभर मोजा. दहा सेकंद मोजून सहाने गुणलं, तर एका ठोक्याची चूक सहाची होते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही नाडी उतरते. ते श्रेय व्यायामाला देऊ नका. नाडी मंद आणि सोबत चक्कर असेल, तर डॉक्टरांना दाखवा.