पाच टक्क्यांनी की पाच टक्क्यांवर

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी गेली एकोणीस वर्षे परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार करतो आहे. मला इंग्रजीची भीती वाटते असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. इंग्रजी नामे आमच्या रोजच्या उठण्याबसण्यातली आहेत. बीम, लूम, कार्टन, कंटेनर हे शब्द शाळेची पायरी न चढलेली आमची शिलाई खात्यातली आजीसुद्धा अस्खलित बोलते. क्रियापदांशीही माझे बरे जमते. माझे वाकडे आहे ते या दोघांच्या मध्ये अंग चोरून बसणाऱ्या दोन-तीन अक्षरी शब्दांशी, ज्यांना आमच्या इंग्रजीच्या गुरुजींनी 'किरकोळ' म्हणून एका तासात उरकले होते.

गुरुजींनी टेबल आणि मांजर यांच्या साहाय्याने हा विषय शिकवला. मांजर टेबलावर बसले की 'ऑन', खाली गेले की 'अंडर', शेजारी आले की 'निअर'. मांजर आज्ञाधारक होते, टेबल भक्कम होते आणि आम्हाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पुढे नोकरीत आल्यावर लक्षात आले, की निर्यातीच्या पत्रांत मांजर येतच नाही. तिथे येतात दर, मुदती, तक्रारी आणि सवलती, आणि यांपैकी एकही टेबलावर बसत नाही.

गेल्या वर्षी एका जुन्या ग्राहकाने दर कमी करण्याची विनंती केली. आमचा दर नगाला २ डॉलर ४० सेंट होता. मालकांनी बराच वेळ गणकयंत्र बडवून अखेर पाच टक्के सोडायला संमती दिली आणि मी लगोलग पत्र लिहिले. 'वी आर प्लीज्ड टू रिड्यूस द प्राइस' इथपर्यंत लेखणी छान चालली होती. त्याच ओघात, आधीच्या 'टू'ची सवय हाताला लागल्यामुळे की काय कोण जाणे, पुढे 'टू फाइव्ह परसेंट' असे उमटले. एरवी चार दिवस उत्तर न देणाऱ्या त्या सद्गृहस्थाचे उत्तर अकरा मिनिटांत आले. प्रस्ताव आभारपूर्वक मान्य आहे, तुम्ही किती कंटेनर देऊ शकता, एवढेच त्यात विचारले होते.

'बाय' लिहिले असते तर दर पाच टक्क्यांनी उतरून २ डॉलर २८ सेंट झाला असता. 'टू' लिहिल्यामुळे तो पाच टक्क्यांवर उतरला, म्हणजे बारा सेंटांवर. मालकांनी ते पत्र दोनदा वाचले, चष्मा काढला आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "बारा सेंटांत टॉवेल? शिलाईचा दोरा तरी येतो का ओ तेवढ्यात?" मराठीत 'ने' आणि 'वर' यांची गल्लत मी जन्मात केली नसती. सोलापुरात शेंगाची चटणी घेताना पाव किलोचा भाव दहा रुपयांनी उतरला की दहा रुपयांवर उतरला, यातला फरक लहान पोरालाही कळतो. ग्राहक सज्जन निघाला, चार फोन झाले आणि प्रकरण मिटले. परंतु त्या दिवसापासून माझे प्रत्येक पत्र रवाना होण्यापूर्वी दहावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीकडून तपासून घ्यावे, असा तोंडी हुकूम निघाला. पितृत्वाची एवढी मानहानी दुसऱ्या कोणत्या व्यवसायात होत असेल असे वाटत नाही.

मुलीने पहिल्याच संध्याकाळी तांबडे पेन उघडले. 'डिस्कस अबाउट द डिझाइन' मधला 'अबाउट' तिने खोडला, कारण 'डिस्कस' या क्रियापदाला मध्यस्थ चालत नाही. ते कर्माशी थेट बोलते. दुसऱ्या ओळीत मी 'डिस्कशन' लिहिले होते आणि नुकताच धडा मिळाल्यामुळे तिथला 'अबाउट' स्वतःहूनच काढून टाकला होता. तो तिने परत घातला. 'डिस्कस' नागडे चालते, मात्र त्याचेच नाम झाले की त्याला लंगोटी लागते, हे ऐकून मी पेन खाली ठेवले. पुढे तर रांगच लागली. प्रश्न 'आन्सर' करायचा, पण प्रश्नाला दिलेले 'आन्सर' मात्र 'टू' घेऊन येते. नमुने 'रिक्वेस्ट' करायचे, पण नमुन्यांची 'रिक्वेस्ट' असेल तर 'फॉर' हवा. खोलीत 'एंटर' होताना 'इनटू' लावायचा नाही, करारात शिरताना मात्र लावायचा. बहुधा करारातून बाहेर पडणे खोलीइतके सोपे नसते म्हणून.

मी चिडलो, आणि चिडल्यावर माणूस विचार करतो तसा विचार केला. आपण टॉवेल मागतो आणि टॉवेलांची मागणी करतो. 'मागणे' आणि 'मागणी' ही रूपेच वेगळी असल्यामुळे कोणते क्रियापद आणि कोणते नाम, हे ऐकताक्षणी कळते. शिवाय नाम आले की आपणही 'ची' लावतोच. टॉवेल मागणी केली असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीत 'डिमांड', 'ऑर्डर', 'रिक्वेस्ट', 'आन्सर' ही मंडळी एकाच कपड्यात दोन्ही पाळ्या करतात. सकाळी क्रियापद, दुपारी नाम. तेव्हा आत्ता कोणती पाळी चालू आहे हे सांगणारा जो बिल्ला छातीवर लागतो, तो म्हणजे हा 'फॉर' किंवा 'टू'. हे कोडे उलगडल्याचा मला इतका आनंद झाला, की मी ते मुलीला समजावून सांगितले. ती म्हणाली, "बाबा, पण 'डिस्कस' आणि 'डिस्कशन' तर वेगळे दिसतात ना?" हल्लीच्या शाळांत मोठ्यांचे ऐकायला शिकवत नाहीत.

मग 'लुक'चे प्रकरण निघाले. टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात. एकावरचा ताणा कडक ओढलेला असतो आणि तो कापड धरून ठेवतो; दुसऱ्यावरचा सैल सोडलेला असतो आणि त्याचेच लूप उभे राहतात. पाणी टिपतात ते हे लूप. ते काढून टाकले तर हातात उरतो तो साधा पंचा. 'लुक' हे असेच कापड आहे. नुसते 'लुक' म्हणजे पंचा. 'फॉर', 'आफ्टर', 'इनटू' हे लूप लागल्यावर त्याचे खरे काम सुरू होते. हे ठाऊक नसताना मी एकदा धुण्यात रंग जातो अशी तक्रार करणाऱ्या ग्राहकाला 'वी विल लुक आफ्टर युवर कम्प्लेंट' असे आश्वासन दिले होते, म्हणजे आम्ही तुमच्या तक्रारीचे नीट संगोपन करू. आम्ही ते केलेही असावे, कारण पुढच्या मालात ती तक्रार चांगली वाढलेली दिसली. मराठीत आपण तक्रारीत लक्ष घालतो, मुलाकडे लक्ष देतो आणि चोरावर लक्ष ठेवतो. 'लक्ष' जागच्या जागी राहते, क्रियापद बदलते, आणि प्रत्यय त्याच्या मागून मुकाट्याने येतो. इंग्रजीत क्रियापद ढिम्म हलत नाही. सगळी धावपळ त्या चिमुकल्या शब्दाने करायची.

आपल्या 'पर्यंत'नेही मला दगा दिला, आणि घरच्याने दिलेला दगा अधिक लागतो. माल १५ मार्चपर्यंत तयार होईल आणि कारखाना १५ मार्चपर्यंत बंद राहील, या दोन्ही वाक्यांना आपल्याकडे एकच 'पर्यंत' पुरतो. इंग्रजीत पहिल्याला 'बाय' लागतो आणि दुसऱ्याला 'टिल'. माल तयार होण्याची हमी मी 'टिल'ने दिली, तेव्हा ग्राहकाने सौजन्यपूर्वक विचारले, की १६ तारखेला त्या मालाचे काय होणार आहे. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेची सुट्टी कळवताना जानेवारीला 'इन', १४ तारखेला 'ऑन', सकाळी पुन्हा 'इन' आणि रात्री 'ॲट' लावावे लागते, याविषयी मी काही बोलू इच्छित नाही. यात्रेच्या मिरवणुकीतले नंदीध्वज पाहायला रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला एवढा हिशेब कोणी विचारू नये.

एका पत्रात ग्राहकाने 'दिस इज नॉट द कलर वी आस्क्ड फॉर' असे लिहून वाक्य संपवले होते. 'फॉर'च्या पुढे काय, हे शोधण्यासाठी मी पडदा खाली सरकवत राहिलो. शेवटी त्याची सही आली. नामाच्या आधी ठेवायचा म्हणून ज्याला लॅटिनवरून 'प्रीपोझिशन' हे नाव मिळाले, तो शब्द वाक्याच्या शेपटाला लोंबकळतो, याचे खुद्द इंग्रजांनाही वैषम्य वाटत आले आहे. ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये बेन जॉन्सन या नाटककाराच्या लेखनात नेमका हाच दोष काढला होता. साडेतीनशे वर्षे झाली, तरी इंग्रज माणूस शेवटी 'फॉर' लावायचा थांबलेला नाही, मग आमचा रंग चुकला तर एवढा गहजब कशाला?

माझ्या मनातली ही तेढ थोडी सैल झाली ती त्याच ग्राहकाने मालाच्या तपासणीसाठी धाडलेल्या तरुणामुळे. तो आठ दिवस सोलापुरात राहिला, कडक भाकरी दाताने मोडायला शिकला आणि हौसेने मराठीही बोलू लागला. एका दुपारी डब्यातली चटणी पुढे केली, तेव्हा तो म्हणाला, "मी चटणी आवडतो." मी हसून "मला चटणी आवडते" असे सुधारून दिले. त्याने वही काढली आणि विचारले, की आवडणारा जर मी आहे, तर मला 'ला' का लागतो आणि 'आवडते' हे रूप चटणीचे का होते? मी चटणीचा दुसरा घास घेतला. मग त्याने फाटकाजवळच्या कुत्र्याकडे बोट दाखवले. तुम्ही कुत्र्याला भिता, कुत्र्यावर रागावता, कुत्र्याशी भांडता आणि कुत्र्याचा कंटाळा करता. कुत्रा एकच असताना चार प्रत्यय कशासाठी? मी एकोणीस वर्षांच्या अनुभवाच्या बळावर उत्तर दिले, की हे असेच असते. त्याने ते वहीत लिहून घेतले.

मालकांनी या साऱ्या प्रकारातून एकच धडा घेतला. कोणताही आकडा निघाला की ते आता भुवई उंचावून "'बाय' का 'टू' ओ?" असे विचारतात. दिवाळीच्या सुमारास मी पगारवाढीचा विषय काढला, तेव्हाही त्यांनी तेच विचारले, आणि हसण्यावारी नेऊन विषय संपला असे मला वाटले. पण आठवड्याने माझ्या टेबलावर लिफाफा आला. एरवी इंग्रजीच्या वाटेला न जाणाऱ्या मालकांनी ते पत्र स्वतः लिहिले होते. समाधानकारक सेवेबद्दल आनंद व्यक्त करून त्यांनी माझा पगार 'इन्क्रीज्ड टू टेन परसेंट' केला होता, आणि खाली ठसठशीत सही होती. मी पत्र तीनदा वाचले, मुलीचे तांबडे पेन खिशात आहे ना ते चाचपून पाहिले आणि केबिनच्या दारावर टकटक केली.