खुर्चीच तर आहे!

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आज दुपारी आमच्याकडे, बडोद्याच्या दांडिया बाजारात, एक काका आले होते. भाचीनं काढलेलं पेन्सिलचं चित्र हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे गं, पण खुर्चीच तर आहे. मोबाइलवर एका सेकंदात फोटो निघाला असता." आणि चिवड्याकडे वळले.

अहो काका, त्याच वेताच्या खुर्चीत बसून बोललात तुम्ही हे! इतकी वर्षं बसताय, विणीतली भोकं अष्टकोनी असतात हे कधी दिसलं? तिला दिसलं. आणि वेत तिनं काढलेलाच नाही. भोकांमधला अंधार तेवढा भरलाय. वेत म्हणजे उरलेला कोरा कागद. बैठकीखाली ६बीचे, म्हणजे मऊ काळ्या पेन्सिलीचे, थरावर थर. खुर्चीच्या हातावरचं पॉलिश तळव्यांनी घासून गेलंय, तिथे कडक, फिकी २एच पेन्सिल जेमतेम टेकवलीय. फरशीवरची जाळीची सावली पायांपाशी ठसठशीत, पुढे पुसट होत गेलेली.

मान्य, फोटोवर चौकोन आखून, एकेक चौकोन कागदावर उतरवून, घोटून घोटून गुळगुळीत केलेली चित्रं मलाही कंटाळवाणी वाटतात. पण हिनं समोर बसून काढलंय. ऊन सरकलं की थांबायची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत बसायची. मागचं कॅलेंडर आणि चपलांचा स्टँड गाळले, तुटून वर आलेली वेताची एक पट्टी मात्र ठेवली. मोबाइल करेल ही निवड?

आणि हे ऐकायचं कुठे, तर बडोद्यात! सयाजीरावांच्या काळात, १८९० मध्ये, इथे कलाभवन निघालं. ड्रॉइंग आणि सुतारकाम एकाच संस्थेत शिकवायचे. १९५० मध्ये इथल्या विद्यापीठात फाइन आर्ट्स सुरू झालं, तेव्हा इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे येऊन शिकवू लागले. त्या गावात "खुर्चीच तर आहे"!

जाऊ दे. काका माणूस वाईट नाही. भाचीला पहिली स्केचबुक त्यांनीच आणून दिली होती.

पण "खुर्चीच तर आहे" म्हणून झाल्यावर पुढे काय म्हणाले? "आमच्या नातवाचं दे ना काढून. फोटो पाठवतो."

फोटो आहे ना काका? मग तोच लावा भिंतीवर! (हे मी मनात म्हटलं. भाची म्हणाली, "त्याला घेऊन या, समोर बसवून काढते.")

असो. रावपुऱ्यात किंवा मांडवीकडे चांगला फ्रेमवाला माहीत असेल तर कळवा. मधे माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालणारा हवा, काच टेकली की पेन्सिलचं ग्राफाइट तिला लागतं. आणि चित्रावर बोट न फिरवणारा.