कृपा कोणाच्या दारी थांबते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया वाचून आठ दिवस झाले. त्याच रात्री मी एक उत्तर लिहिले होते. परंतु सकाळी ते पुन्हा वाचताना जाणवले की मी आपल्या प्रश्नाला नव्हे, तर माझ्या दुखावलेल्या मनाला उत्तर देत होते. म्हणून ते बाजूला ठेवले आणि हे नव्याने लिहीत आहे.

इतर वाचकांसाठी आपला आक्षेप थोडक्यात सांगते. मागील लेखात मी माझ्या एका वैद्यकीय तपासणीविषयी लिहिले होते. ज्या आजाराची धास्ती होती तो नाही असा अहवाल आला, तेव्हा पवित्र शास्त्रातील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले, 29व्या अध्यायातील 11वे वचन देऊन मी म्हटले की देवाचे संकल्प आपल्या हिताचेच असतात आणि हा अहवाल म्हणजे त्याची कृपा होय. त्यावर आपण लिहिलेत की आपल्या बहिणीचा अहवाल तसा आला नाही, दोन वर्षांच्या शुश्रूषेनंतर ती गेली, आणि त्या काळात हेच वचन आपल्याला इतक्या जणांनी पाठवले की आता ते नजरेस पडताच पुस्तक मिटावेसे वाटते. मग कृपा माझ्या घरी आली आणि आपल्या दारावरून पुढे निघून गेली, असे समजायचे काय, असे आपण विचारलेत. वचन संदर्भातून तोडून वापरणे अप्रामाणिक आहे आणि अशी कृपा ‘स्वस्त’ असते, असेही आपण म्हटलेत.

यिर्मयाच्या वचनाविषयी आपले म्हणणे खरे आहे, आणि ते मी हातचे काही राखून मान्य करत नाही. इ. स. पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजाला, दरबाऱ्यांना आणि कारागिरांना बाबेलला नेले. त्या हद्दपार झालेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून जे पत्र धाडले, त्यातले हे वाक्य आहे. त्याच्या आधीचा, म्हणजे 28वा अध्याय वाचल्याशिवाय पत्राचा रोख कळत नाही. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत सांगतो की दोन वर्षांच्या आत सारे बंदिवान परत येतील, आणि बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले जू मोडून टाकतो. त्या दिवशी मंदिरात उभ्या असलेल्या माणसांना अधिक धीर कोणी दिला असेल, तर तो हनन्यानेच. आणि तो धीर खोटा होता. यिर्मयाच्या पत्रात मात्र 70 वर्षांची गोष्ट आहे. घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे ते सांगते. ज्याने हे पत्र वयाच्या चाळिशीत ऐकले, त्याला त्याच क्षणी उमगले असणार की आपण स्वतः काही परत जात नाही. हिताच्या संकल्पांचे वचन या 70 वर्षांच्या लगोलग पुढे येते, आणि ते कोणा एका व्यक्तीला नव्हे, एका संपूर्ण समाजाला उद्देशून आहे. मी शब्द यिर्मयाचे घेतले, पण ते हनन्याच्या आवाजात म्हटले. आपल्याला ज्यांनी ते पाठवले त्यांच्याकडूनही बहुधा हेच घडले असावे, आणि त्यांच्याप्रमाणेच माझाही हेतू चांगला होता, एवढ्याने त्याचे ओझे आपल्यासाठी हलके होत नाही.

तरीही एका बाबतीत माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. संदर्भ परत जोडला की या वचनातला धीर नाहीसा होतो, असे आपल्या लिहिण्यात ध्वनित होते. मला वाटते, तो तेव्हाच सुरू होतो. पुढच्याच ओळींत देव म्हणतो की तुम्ही मनापासून शोध केलात तर मी तुम्हांला सापडेन. आणि हे तो अशा लोकांना सांगतो ज्यांच्याजवळ आता मंदिर नाही, वेदी नाही, आपली भूमी नाही. गावी परत नेण्याच्या आधी, जिथे जायची इच्छा नव्हती तिथेच तो भेटायला तयार आहे. आपण स्वतः आपल्या भूमीत कधी परतणार नाही हे ठाऊक असूनही परक्या मातीत लावलेली बाग, हे या पत्राचे खरे चित्र आहे, आणि माझ्या लेखात त्या बागेचा मागमूसही नव्हता.

इथे एका शब्दाविषयी लिहिणे आवश्यक आहे. नव्या करारात धीर देणे, सांत्वन करणे, बोध करणे, विनवणे या सर्वांसाठी मूळ ग्रीक भाषेत बहुतेक ठिकाणी एकच क्रियापद येते, आणि त्याचा मूळ अर्थ जवळ बोलावणे असा आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी, पहिल्या अध्यायातील 3 ते 7 या पाच वचनांत, हे क्रियापद आणि त्याचे नाम मिळून दहा वेळा आले आहे; आणि पुढच्याच वचनात पत्र लिहिणारा प्रेषित पौल कबूल करतो की आशिया प्रांतात आमच्यावर इतके ओझे पडले की आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. त्याच शब्दाच्या कुळातील नाम योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी येते, आणि आपल्या मराठी शास्त्रात त्याचे भाषांतर ‘कैवारी’ असे केले आहे. मला हे भाषांतर फार मोलाचे वाटते. कैवारी म्हणजे समजूत घालणारा नव्हे, कारण सांगणारा तर नव्हेच. तो आपल्या बाजूने उभा राहतो. शास्त्रातला धीर हा कैवार घेणारा धीर आहे.

मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे मित्र हे ज्या क्षणी विसरले तो क्षण नेमका दाखवता येतो. प्रथम ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांनी पाहिले होते. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि ईयोबाचा कैवार सोडून देवाचा कैवार घेतला. देवाने अन्याय केलेला असणे शक्य नाही, म्हणून दोष तुझाच असला पाहिजे, असे ते निरनिराळ्या शब्दांत सांगत राहिले. शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावर संतापतो आणि म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. ज्याने जन्मदिवसाला शाप दिला आणि देवाला जाब विचारला, त्याचे बोलणे यथार्थ ठरते, आणि ज्यांनी देवाची बाजू मांडली ते दोषी ठरतात. पवित्र शास्त्रातील हा निर्णय आपण मंडळीत पुरेशा गांभीर्याने वाचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीचे तान्हे बाळ गेले, तेव्हा मी तिला एक सुंदर अक्षरांतले वचन पाठवले. पुढे बऱ्याच काळाने तिने मला शांतपणे सांगितले की त्या दिवसापासून कित्येक महिने तिने माझा एकही संदेश उघडला नाही. मी तिच्या बाजूने उभी नव्हते. तिच्या दुःखाने देवाच्या चांगुलपणावर जी शंका येऊ पाहत होती, ती मला असह्य झाली होती आणि मी ती घाईघाईने झाकत होते. म्हणजे धीर मी तिला दिला नव्हता, स्वतःला दिला होता.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते: मग रोजच्या जगण्यात कृपा पाहायची की नाही? आपण सुचवता की चांगल्या घडलेल्या गोष्टींना कृपेचे नाव देणे ही मनाची समजूत आहे. कृपा म्हणजे अनुकूल निकाल, असे धरले तर आपले म्हणणे बरोबर आहे, कारण तेव्हा प्रतिकूल निकालाला अवकृपा म्हणण्यावाचून गत्यंतर उरत नाही. परंतु शास्त्रात रोजच्या जगण्यातली कृपा वेगळ्याच जागी दिसते, आणि ती मला रूथच्या पुस्तकात सर्वांत स्पष्ट दिसते.

नामीने नवरा आणि दोन्ही मुलगे गमावले आहेत. बेथलेहेमात परत आल्यावर ती म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिला आहे. मारा म्हणजे कडू. या वाक्याबद्दल तिला कोणी रागे भरत नाही. ना गावातल्या बायका, ना तिची सून रूथ, ना पुस्तक लिहिणारा. मग रूथ सरवा वेचायला जाते. नियमशास्त्रात, लेवीयच्या 19व्या अध्यायात, शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि पडलेला सरवा गरीब व उपरी यांच्यासाठी राहू द्यावा, अशी आज्ञा होती. शेताचा मालक बवाज याने तेवढे केले असते तरी तो निर्दोष ठरला असता. पण तो कापणाऱ्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम काढून तिच्यासाठी टाका आणि तिला धमकावू नका. सोडणे हे नियमाने सांगितले होते. मुद्दाम टाकणे कोणी सांगितले नव्हते. या दोन क्रियापदांमधले अंतर हीच कृपेची जागा आहे, असे मला वाटते. रूथला ती कणसे आपल्यासाठी टाकलेली आहेत हे कळावे, अशी अपेक्षाही बवाजाच्या शब्दांत नाही. संध्याकाळी तिने झोडलेले जव सुमारे एक एफा (धान्याचे एक मोठे माप) भरले, आणि ते पाहिल्यावर नामीच्या तोंडून पहिल्यांदा देवाच्या अखंड दयेचे शब्द निघाले. तिचा नवरा परत आला नाही, मुलगे परत आले नाहीत, आणि ते का गेले याचे कारण पुस्तक संपेपर्यंत कोणीही सांगत नाही.

एलीया संदेष्ट्याचेही तसेच आहे. रानात एका झुडपाखाली बसून तो मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो झोपतो, त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले जाते, तो पुन्हा झोपतो, पुन्हा उठवून खाऊ घातले जाते. दुसऱ्या खेपेला जे कारण दिले आहे ते एवढेच, की हा प्रवास तुला फार कठीण आहे. ज्याची शक्ती संपली आहे त्याला स्वर्गातून आलेले हे वाक्य त्याचा थकवा खरा मानते.

या प्रकाशात माझ्या अहवालाविषयी मला काय म्हणता येते? त्याबद्दल मी देवाचे आभार मानले ते मी मागे घेत नाही. भीतीतून सुटलेल्या माणसाने आभार मानू नयेत असे आपणही म्हणणार नाही. मागे घेते ते हे, की तो अहवाल मी कृपेचे माप म्हणून वापरला. पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. उत्तर मिळाले ते, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’. शास्त्रातील कृपेविषयीचे हे कदाचित सर्वांत प्रसिद्ध वाक्य न मिळालेल्या मागणीच्या जागी उच्चारलेले आहे, हे लक्षात घेतले असते तर मी तो परिच्छेद तसा लिहिला नसता. मात्र हेही नमूद करते की ते वाक्य प्रभूने पौलाला सांगितले आणि पौलाने स्वतःविषयी लिहिले. कोणी तिसऱ्याने ते त्याच्या काट्याकडे बोट दाखवून त्याला ऐकवले नाही. आपल्या बहिणीच्या बाबतीत ते आपल्याला ऐकवण्याचा अधिकार मला नाही.

‘स्वस्त कृपा’ या शब्दांविषयी थोडेच लिहिते. हिटलरच्या राजवटीला विरोध करणारे जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोन्हॉफर यांनी ते 1937 मध्ये वापरले तेव्हा त्यांचा रोख पश्चात्ताप आणि शिष्यपण यांच्यावाचून वाटल्या जाणाऱ्या क्षमेवर होता, आणि 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनब्यूर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. त्यामुळे ते शब्द मी जड मनाने वाचते. माझ्या लेखातली चूक थोडी निराळी होती: मी पापाची नव्हे, दुःखाची किंमत कमी केली. आपण तोच शब्द वापरलात, आणि तो मला लागू पडतो.

आपण लिहिलेत की आता शास्त्र उघडवत नाही. मी ते उघडण्याचा आग्रह करणार नाही. फक्त एवढे सांगते की त्यात 88वे स्तोत्रही आहे, जे अंधारातच संपते आणि ज्याला कोणी आशेची ओळ जोडून दिलेली नाही. यरुशलेमेच्या नाशावर शोक करणाऱ्या विलापगीतात, ‘ती रोज सकाळी नवी होते’ असे देवाच्या करुणेविषयी म्हटले आहे, ते पाच कवितांपैकी मधल्या कवितेत. त्यानंतर जळालेले नगर आणि उपाशी मुले पुन्हा येतात, आणि पुस्तक जवळजवळ प्रश्नावरच थांबते: तू आम्हांला अगदीच टाकले आहेस काय? तो प्रश्न शास्त्रातून कोणी वगळला नाही, म्हणून आपला प्रश्नही शास्त्राबाहेरचा नाही.

आपल्या प्रतिक्रियेत एक वाक्य ओझरते आले आहे. शेवटच्या महिन्यांत रात्रपाळीची एक परिचारिका तिचे काम संपल्यावरही थांबायची, आपल्या बहिणीचे केस विंचरायची आणि फारसे काही न बोलता निघून जायची. ते वाचल्यावर मला बवाजाची कणसे आठवली. त्याला कृपा म्हणायचे की नाही, हे आपले आपण ठरवावे. मी ते नाव देणार नाही. मूळ लेखातला माझा परिच्छेद मी पुसलेला नाही. त्याच्याखाली यिर्मयाच्या पत्राचा पूर्ण संदर्भ आणि माझी चूक लिहिली आहे. आपली हरकत नसेल तर त्या केस विंचरणाऱ्या हातांविषयीचे आपले वाक्य, आपल्या नावाशिवाय, तिथे ठेवावे असे मनात आहे. नको असेल तर तसे कळवावे.

आपल्या बहिणीविषयी आपल्याला आणखी लिहावेसे वाटले तर मी वाचेन.